अनामिकतेचा मान

२९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल नंदादेवीच्या ७,८१६ मीटर उंच शिखरावर पोचले. वास्तविक ओडेलसमवेत जायचा होता हूस्टन. पण डब्यातील मांस बाधून तो आजारी पडला. चार ब्रिटिश व चार अमेरिकन गिर्यारोहकांच्या या छोट्या तुकडीने शिखर गाठणाऱ्यांची नावे जाहीर न करण्याचे ठरविले. यश साऱ्यांचे मानावयाचे. हा संयम हृद्य खराच. मात्र अनामिक राहण्याचा मान, ज्यांचे नाव जग आवर्जून विचारते, त्यांनाच मिळतो. त्याच मोहिमेत तळछावणीवर कितार नावाचा शेर्पा आजाराने वारला. १९३४ साली नंगा पर्वतावरील ज्या वादळाने सहा शेर्पा व तीन जर्मन गिर्यारोहकांचा बळी घेतला, त्यातून तो जिवंत उतरला होता.