कडीचा आवाज

मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळात घंटा वाजली, की तळ्याकाठच्या रस्त्याने जाणाऱ्याचे हात नकळत जुळतात. भक्ती आधी जागते की हात आधी हलतात, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. शरीराला मनाआधीच काही कळत असावे.

या कळण्याचा माग प्रथम काढला तो इव्हान पावलॉव्ह यांनी. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पण अन्न समोर येण्याआधीच, ते आणणाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्यांच्या ध्यानी आले होते. अन्नाने लाळ सुटणे उपजत. चाहुलीने सुटणे शिकलेले. अर्थशून्य खूण अर्थपूर्ण घटनेच्या आधी पुनःपुन्हा आली, की तिलाही त्या घटनेचे मोल येते. मानसशास्त्र याला अभिजात अभिसंधान म्हणते. मात्र निव्वळ साहचर्य पुरत नाही. खुणेने पुढचे भाकीत करावे लागते, हे रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ साली दाखवून दिले.

मैलापुरात तंजावरी मराठी बोलणारी काही जुनी घरे आहेत. अशाच एका घरातील वृद्धेची गोष्ट. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली, की यजमान कचेरीतून आले. कॉफीसाठी दूध तापत ठेवायचे. चाळीस वर्षांचा हा परिपाठ. ते गेल्यावरही कडी वाजतच राहिली, कधी दूधवाल्याच्या हाताने, कधी शेजारणीच्या. आणि तिची पावले स्वयंपाकघराकडे वळत राहिली. हळूहळू ती थांबली. शास्त्रात याला विलोपन म्हणतात. मग महिनाभर तंजावरला राहून ती परतली. पहिल्याच संध्याकाळी कडी वाजली, आणि दूध चुलीवर चढलेही होते.

विलोपन म्हणजे पुसले जाणे नव्हे, हे पावलॉव्ह यांनाही दिसले होते. विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परततो. जुने शिकलेले तसेच राहते. त्यावर नव्याचा पातळ थर तेवढा चढतो.

१९२४ साली लेनिनग्राडला पूर आला. पिंजऱ्यांत अडकलेल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. पुढे एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडे पाणी सोडले, तेवढ्यानेच त्याचे सारे शिक्षण पुन्हा विस्कटले. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदी चेन्नईत शिरली. त्यानंतर रात्री पाऊस वाढला, की उंबऱ्याकडे पाहणारी आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत.

ही भीती अनेक निर्धोक पावसाळ्यांनीच ओसरू शकते. पण २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळाने शहर पुन्हा पाण्याखाली नेले. ज्या खुणेचे भाकीत खरे ठरते, तिची भीती हा आजार नव्हे. ती जाण आहे. तिच्यावर उपाय मनोवैद्याकडे नाही, नाल्यांकडे आणि तलावांकडे आहे.

कडीचे तसे नाही. तिचे भाकीत आता कधीच खरे होणार नाही, हे वृद्धेला ठाऊक आहे. पावलांना तेवढे ठाऊक नाही. आणि त्या एका संध्याकाळी तापलेले दूध तिने ओतून दिले नाही; दोन पेले भरले, आणि दुसरा शेजारणीला हाक मारून दिला.