साहेबांसमोर काय बोलायचं?

माणगावहून निजामपूरमार्गे ताम्हिणीकडे निघालं की विळे-भागाड एमआयडीसी लागते. पॉस्को या कोरियन कंपनीने २०१२ मध्ये इथे पोलादी पत्र्याला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना सुरू केला, पुढे वर्षाला १८ लाख टनांची कोल्ड रोलिंग मिलही उभारली. भातशेती आणि मुंबईची चाकरी एवढंच ठाऊक असलेल्या आमच्या गावांत कोरियन साहेब दिसू लागले ते तेव्हापासून. याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो.

शिफ्ट सुरू होताना टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी मीटिंग, व्हायचा. कोरियन इंजिनिअर विचारायचे, “काही अडचण?” सगळे खाली बघायचे. कोणी तोंड उघडायचं नाही.

एकदा मीटिंग सुटल्यावर क्रेन ऑपरेटरने मला कँटीनच्या कोपऱ्यात गाठलं. “दादा, क्रेनचा ब्रेक घसरतोय. बटण सोडलं तरी कॉइल वीतभर खाली येते.”

पंधरा-वीस टनांची पत्र्याची कॉइल, आणि खाली माणसं. “मग आत्ता का नाही बोललास?”

“मेंटेनन्सचे भाऊ तिथंच उभे होते. आमच्याच वाडीतले. चार माणसांत त्यांना मान खाली कशी घालायला लावू?”

क्रेन तिथल्या तिथे थांबवली. ब्रेक लायनर पार झिजला होता.

पुण्याहून आलेल्या मॅनेजरांनी यावर फॉर्म काढला: अडचण लिहून द्या. फॉर्म कोरेच राहिले. आमच्याकडे लेखी देणं म्हणजे भांडण पंचायतीत नाहीतर पोलिसांत नेणं. लोणेऱ्याच्या विद्यापीठातून शिकून आलेल्या एका मुलाने फॉर्म भरला, तर आठवडाभर त्याच्याशी कोणी धड बोलेना.

दुखणं नेमकं ओळखलं ते कोरियन इंजिनिअरनी, कारण ते स्वतःही आपल्या वरिष्ठांना चारचौघांत कधी आडवं बोलत नसत. साधा कागदसुद्धा दोन्ही हातांनी देत. परदेशी म्हणून आम्ही त्यांना बिचकत होतो, पण मोठ्यांचा मान ठेवण्याची त्यांची रीत मुंबई-पुण्याच्या साहेबांपेक्षा आमच्या वाडीला जवळची होती. त्यांनी मला बरोबर घेऊन शिफ्टआधी प्रत्येक मशिनपाशी जायला सुरुवात केली. मोडक्या हिंदीत एकच प्रश्न: “आज आवाज अलग है क्या?” माणसाविषयी गप्प राहणारी पोरं मशिनविषयी भरभरून बोलायची. बेअरिंग तापतंय, पट्टा सरकतोय, सगळं बाहेर यायचं.

गणपतीचंही तसंच. रजेचा अर्ज न देता निम्मी शिफ्ट गायब, आणि वरचे साहेब संतापलेले. आमच्या पोरांना वाटे, गणपतीला घरी जाणार हे काय सांगायला हवं? मी साहेबांना त्यांच्या छुसॉकची आठवण करून दिली. तोही सण बहुधा भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास येतो. कोरियात सगळे गावी जातात, पूर्वजांना नैवेद्य दाखवतात. पुढच्या वर्षापासून मेंटेनन्सचा शटडाऊन गणपतीतच ठेवला गेला.

ती मशिनपाशची फेरी माझ्या मते अनेक अपघात टाळून गेली. पण ती कायम कामगारांपुरतीच होती. क्रेनखाली उभं राहून स्लिंग अडकवणारे खलाशी ठेकेदाराचे. त्यांना कोणी काही विचारत नसे. विळे-भागाडला आज जे साहेब म्हणून येतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: फेरी त्यांच्यापासून सुरू करा.