एका रात्रीचें बिऱ्हाड

नाशिकच्या माणसाला जागा निवडण्याचें शास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं, अशी आम्हां नाशिककरांची एक समजूत आहे. तिच्या मुळाशीं अर्थातच रामायण आहे. अगस्त्यांनीं पंचवटीचें नांव सुचविलें खरें. पण तेथें पोंचल्यावर नेमकी पर्णकुटी कोठें बांधावयाची हा प्रश्न उरलाच. वाल्मीकीनें तो प्रसंग मोठ्या बहारीनें सांगितला आहे. राम लक्ष्मणाला म्हणतो कीं, पाणी जवळ असेल, वन रम्य असेल, समिधा, फुलें, दर्भ हाताशीं असतील आणि जेथें वैदेहीचें मन रमेल, अशी जागा तूंच पाहा. लक्ष्मण हात जोडून उत्तर देतो कीं, आपण असतांना मी कोण ठरविणार? ‘येथें बांध’ म्हणून सांगावें, मी बांधतों. वनवासाच्या त्या साऱ्या दुःखांत हा क्षण इतका घरगुती आहे कीं, वाचतांना मला नेहमीं हंसूं येतें. आमच्या घरींहि दर वैशाखांत हाच संवाद होत असे. फरक एवढाच कीं, आमच्याकडे लक्ष्मण कोणीच नव्हता, सगळेच राम.

माझे वडील शाळेंत गणित शिकवीत. खडू, फळा आणि पाढे यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या माणसाला वर्षांतून एकदां राहुटी घेऊन कोठल्या तरी तळ्याकांठीं एकदोन रात्री काढण्याची लहर कोठून आली, हें कोडें आम्हांला शेवटपर्यंत सुटलें नाहीं. राहुटी जुन्या बाजारांतून घेतलेली, खाकी, जाड कापडाची. भिजली म्हणजे ती दोघांनाहि उचलत नसे. परीक्षेचे पेपर तपासून झाले कीं, ते पंचांग काढीत आणि वैशाखी अमावास्येच्या आगेमागें कोठें तरी बोट ठेवीत. मग घरांत महिनाभर वाद. कोणी वैतरणा म्हणे, कोणी दारणा. वडील सर्वांचें ऐकून घेत, चष्मा पुसत, आणि निघावयाच्या आदल्या दिवशीं निकाल सांगत. त्यावर अपील नसे.

गेल्या मार्गशीर्षांत ते गेले. यंदा पंचांग मीं काढलें.

जाऊं नये असेंच माझ्या मनांत होतें. परंतु मुलांनीं आपण होऊन विषय काढला आणि वादाला पूर्वीसारखाच रंग चढला. चिरंजीवांनीं फोनवर पवना धरणाच्या कांठचीं चित्रें दाखविलीं. पाण्याला लागून रंगीबेरंगी तंबूंची ओळ, तंबूंवर दिव्यांच्या माळा, पुढें शेकोटी. मला तें लग्नाच्या जानवशासारखें दिसलें, पण मीं बोललों नाहीं. सौभाग्यवतीनें गंगापूर धरणाचें नांव घेतलें. कारण एवढेंच कीं तें जवळ आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यावर कन्या म्हणाली, ‘जें पाणी आपल्या घरच्या नळाला येतें, त्याच्याच कांठीं जाऊन काय राहावयाचें?’ मीं पत्नीच्या बाजूनें थोरोचा दाखला दिला. अमेरिकेंतला हा एकांतप्रिय गृहस्थ १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकांठीं झोपडी बांधून राहिला आणि तेथें दोन वर्षें दोन महिने त्यानें काढले. पण तें तळें त्याच्या काँकर्ड गांवापासून पुरतें दोन मैलहि नव्हतें, आणि अधूनमधून तो घरीं जेवावयास जाई. एकांत मैलांवर मोजावयाचा नसतो, असें मीं मोठ्या ऐटींत सांगितलें. मुलांवर त्याचा कांहींहि परिणाम झाला नाहीं.

दारणा धरण १९१६ सालचें, आमच्या भागांतल्या जुन्या धरणांपैकीं एक. पण त्याच्या कांठीं शेतें आहेत, रान नाहीं. वैतरणेचें पाणी विस्तीर्ण, परंतु कांठ बराचसा उघडा, आणि वैशाखांत सांवली नसलेल्या तळ्याकांठीं राहणें म्हणजे तव्याशेजारीं राहणें. नांदूरमध्यमेश्वरास रामसर यादींत स्थान मिळालें, महाराष्ट्रांतलें तें पहिलेंच; पण तो हिवाळ्यांतल्या पक्ष्यांचा मुलूख, तेथें डोंगर कोठले? असें एकेक नांव आम्ही खोडीत होतों. आई कोपऱ्यांत गहूं निवडीत बसली होती. जन्मांत कधीं तिनें या वादांत तोंड घातलें नव्हतें. ती मान वर न करतां म्हणाली, “भंडारदऱ्याला जाऊं. मला काजवे बघायचेत.”

तिला एकोणऐंशीवें लागलें आहे. वाद तेथेंच संपला.

घोटीवरून वळलें कीं, डोंगर एकदम अंगावर येतात. बारी गांवाच्या माथ्यावर कळसूबाईचें शिखर, १,६४६ मीटर, महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच. पुढें शेंडी, आणि शेंडीला लागून प्रवरेवरचें तें दगडी धरण. १९१० सालीं काम सुरू झालें, १९२६ सालीं पुरें झालें. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव धरणाला मिळालें आणि जलाशय इंग्रजी अमदानींत आर्थर लेक म्हणून ओळखला जाऊं लागला. सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी त्यांत मावतें. पण हें गणित श्रावण-भाद्रपदाचें. हें पाणी भंडारदऱ्याचें नव्हेच. तें खालीं संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या उंसाचें. वर्षभर तें कालव्यांनीं निघून जातें, आणि वैशाखांत गेलें तर तळें आपल्या कांठापासून बरेंच खालीं उतरून बसलेलें दिसतें. मधल्या पट्ट्यांत भेगाळलेला गाळ, बुडून वाळलेलीं खोडें आणि कोठें कोठें जुन्या बांधांच्या रेघा. जलाशयाकांठीं जागा निवडणाऱ्यानें पहिली गोष्ट ही ओळखावी कीं, चित्रांतला कांठ आणि त्या महिन्याचा कांठ एक नसतो.

शेंडीहून घाटघरच्या रस्त्यानें आम्ही मुरशेतच्या पुढें गेलों. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांतला. वाटेल तेथें राहुटी ठोकावयाची सोय येथें नाहीं, गांवकऱ्यांच्या मालकीच्या जागेंत त्यांना विचारूनच राहावें लागतें. एका तयार छावणीवर आम्ही गाडी थांबविली. जागा सुरेख होती. समोर पाण्यापलीकडे रतनगड, त्याच्या माथ्यावरचें नेढें उघड्या डोळ्यांनीं दिसत होतें. पण झाडांना दिवे टांगले होते आणि एक कर्णा कांहीं तरी गात होता. काजवे दाखवूं असें फलकावर लिहिलें होतें. काजव्याचा प्रकाश म्हणजे नरानें मादीला घातलेली साद. तिच्यावर दिव्यांचा झोत टाकून ती कशी दिसावी? आम्ही पुढें निघालों.

मग माझी निवड सुरू झाली. उताराखालीं एक सपाट, काळाभोर तुकडा मला दिसला. मऊ माती, एक दगड नाहीं, जणूं कोणी आमच्यासाठींच तयार करून ठेवलेला. मालकाला विचारावें म्हणून मीं इकडेतिकडे पाहिलें, कोणी दिसलें नाहीं, आणि पाहूं पुढें म्हणून मेख रोंवली. दोन ठोके पडले असतील नसतील तोंच वरच्या घरांतून एक म्हातारी हांक मारीत धांवत आली.

“भाऊ, तिथं मेख नको मारूस! राब हाय माझा!”

मला लाज वाटली. राब म्हणजे काय हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. पाला, टहाळे, शेण यांचे थर देऊन जमीन भाजावयाची, पहिल्या पावसाबरोबर त्या राखेंत भाताचें बीं टाकावयाचें, आणि महिन्याभरानें रोपें उपटून खाचरांत लावावयाचीं. त्या एवढ्याशा तुकड्यांत तिचें वर्षाचें जेवण होतें, आणि मी त्यावर अंथरूण घालावयास निघालों होतों. मीं क्षमा मागून मेख उपटली. तिनें पायानें तो खळगा बुजविला आणि राख सारखी केली.

तिच्या परवानगीनेंच दुसरी जागा पाहिली. ती घळीच्या तोंडाशीं होती, वारा लागत नव्हता म्हणून मला आवडली. म्हातारी म्हणाली, “वळीव आला मंजी पानी हितूनच जातं.” तिसरी एका थोरल्या आंब्याखालीं. चिरंजीवांनीं वर बोट दाखविलें. एक भली मोठी फांदी वाळून कोळ झालेली होती. एवढें होईतों ऊन उतरलें. मुलें कंटाळलीं. मला घाम आला होता आणि त्याहून अधिक राग. कोणावर तें सांगवत नाहीं. चाळीस वर्षें मी वडिलांबरोबर आलों होतों, दोर धरले होते, मेखा ठोकल्या होत्या. पण ते काय पाहून जागा ठरवितात हें एकदांहि विचारलें नव्हतें.

गाडीचें दार उघडें टाकून आई आंत बसली होती. मांडीवर डब्याची कापडी पिशवी. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालों, “बाबा कसे निवडायचे ग जागा?”

ती थोडा वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, “अरे, ते कुठं निवडायचे? मी चालून चालून दमले कीं पिशवी खालीं ठेवायची. तिथंच ते पहिली मेख मारायचे. वारा, पाणी, उतार हें सगळं मग तुम्हां पोरांना समजावून सांगायचे.”

मला एकेक सहल आठवूं लागली. खरेंच, पिशवी आधीं ठेवलेली असे. ती दरवेळीं कोठें तरी झाडाच्या बुंध्याशीं, दगडाच्या आडोशाला दिसे, आणि तिच्या भोंवतीं वडील पावलें मोजीत फिरत. गणिताच्या मास्तरांचें तें उत्तर आधीं ठरलेलें असे. रीत मागाहून लिहिलेली.

“मग आतां ठेव,” मी म्हणालों.

“आतां काय!” ती म्हणाली, आणि पिशवीवरचा हात तिनें काढला नाहीं.

हें सारें ती म्हातारी उभ्यानें ऐकत होती. तिला काय समजलें कोण जाणे. ती पुढें झाली, आईचा हात धरला आणि म्हणाली, “बाई, तुमी वर चला. वट्यावर टेका. च्या ठिवते.” दोघी हळूहळू चढ चढून गेल्या. आम्ही सामान घेऊन मागें गेलों, तेव्हां आई शेणानें सारवलेल्या ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि पिशवी तिच्या शेजारीं जमिनीवर होती.

राहुटी अंगणांतच ठोकली. तेथून तळें धड दिसतहि नव्हतें; दोन जांभळींच्या मधून पाण्याची एक पट्टी, झालें. चिरंजीवांनीं एकदां माझ्याकडे पाहिलें, पण बोलले कांहीं नाहींत. चहा पितांना म्हातारीनें त्या पट्टीच्या मधोमध हात केला आणि तिच्या आजेसासऱ्याचें शेत तेथें होतें म्हणून सांगितलें. तक्रारीचा सूर नव्हता. आपण दिशा दाखवावी तसें सांगितलें. धरण भरल्यावर ते वर उतारावर येऊन राहिले. आम्ही ज्याला कांठ म्हणून शोधीत होतों, तो त्या घराच्या हिशेबीं शेताचा वरचा बांध होता.

अंधार पडला. दिवे मालवले. प्रथम एक काजवा, मग पांचसात, आणि मग घरामागच्या हिरड्याचें अख्खें झाड एकदम उजळलें आणि एकदम विझलें. पुन्हां उजळलें. शेजारचा बेहडा त्याला साथ देऊं लागला. वर्षाचा बहुतेक काळ हा किडा अळीच्या रूपानें ओल्या मातींत गोगलगाई खाऊन काढतो, आणि प्रौढ होऊन प्रकाशतो तो थोडेच आठवडे. मृगाच्या सरी स्थिरावल्या कीं खेळ आटोपला. मुलें गवतांत उतरूं पाहत होतीं, त्यांना मीं थांबविलें, कारण माद्या पुष्कळदां तेथेंच खालीं असतात. कोणी बोलत नव्हतें. तेवढ्यांत ओट्यावरून पुटपुटणें ऐकूं आलें. आई अंक मोजीत होती. दोन लखलखाटांमधलें अंतर वडील नेहमीं असेंच मोजीत आणि दरवर्षीं वहींत टिपून ठेवीत. ती वही घरींच राहिली होती. मुलीनें फोनवर लिहूं का म्हणून विचारलें. आई म्हणाली, “नको, उजेड होईल.” आणि पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागली.

सकाळीं म्हातारी पैसे घेईना. सुनेनें मध्यें पडून घेतले, तें बरें झालें. वर मुलांना करवंदांचा द्रोण मिळाला. घोटी मागें टाकल्यावर माझें लक्ष आईच्या मांडीकडे गेलें. पिशवी नव्हती.

“अग, पिशवी? डबा?”

“राहिला वाटतं ओट्यावर,” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “राहूं दे. चिवडा आहे त्यांत थोडा. पुढल्या वर्षीं आणूं.”

मी गाडी वळविली नाहीं.