टाकीखालचं कपाट

काकूंनी टाकीखालचं कपाट उघडून दिलं. आतला कॅनिस्टर फिल्टर आठ महिने कुणी उघडला नव्हता. क्लिपा कशाबशा सुटल्या, झाकण वर आलं आणि सडक्या अंड्यांचा वास हॉलभर पसरला. सिरॅमिक रिंगा दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ बसला होता. वर टाकीत दोन ऑस्कर मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत होते.

"पण मॅडम, हा तर सगळ्यात महागातला आहे," काकू म्हणाल्या. "दुकानदार म्हणाला होता, एकदा लावा आणि विसरून जा."

त्या खरोखरच विसरल्या होत्या.

पुण्यात घरोघरी आणि ऑफिसांत जाऊन फिशटँक बसवण्याचं, धुण्याचं काम मी वीस वर्षं करते आहे. मोठी टाकी घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, फिल्टर कुठला घेऊ? माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, तो उघडणार कोण? जो फिल्टर घरातल्या हातांना उघडता येत नाही, तो कितीही भारी असला तरी त्या घरासाठी चुकीचा.

मोठी टाकी म्हणजे नेमकी किती मोठी, तेही आधी मोजून घ्यावं. 6 फूट लांब, 2 रुंद, 2 उंच म्हणजे 24 घनफूट. एका घनफुटात साधारण 28 लिटर पाणी मावतं, म्हणजे कागदावर 680 लिटर. वरची मोकळी पट्टी, वाळू, दगड, लाकूड वजा जाता साडेपाचशे-सहाशे लिटर उरतं. एवढं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. ऑस्कर, गोल्डफिश अशी खादाड आणि घाण करणारी मंडळी असतील तर सहाच्या बाजूला झुकायचं, डिस्कससारखे संथ पाण्यातले असतील तर चारवर थांबायचं.

आता गोम अशी, की खोक्यावर 'ताशी 2000 लिटर' छापलेलं असतं ते रिकाम्या फिल्टरचं. आत स्पंज, लोकर, रिंगा भरा, महिनाभर गाळ साचू द्या, पाइपला दोन वळणं द्या, मग मोजा. मी बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मोजते. छापील आकड्याच्या निम्मं पाणी आलं तरी मी समाधानी असते.

पण नुसतं पाणी फिरवून काय साधतं? मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले ते इथे कामाला आलं. मासा मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. अमोनियाला रंग नाही; पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि मासे मरतात. हा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमधल्या खरबरीत पृष्ठभागांवर वस्ती करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. कॉलेजात आम्ही दुसऱ्या टप्प्याला 'नायट्रोबॅक्टर' असं पाठ केलं होतं; 1998 मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः 'नायट्रोस्पायरा' करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि उठवायला नळाखालची पाच मिनिटं पुरतात, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून स्पंज आणि रिंगा टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच खळबळायच्या. चकचकीत करायच्या नाहीत. आपल्याकडे भांडी घासायची सवय हाताला इतकी आहे, की हे दहादा सांगावं लागतं. कार्बन मात्र रोज लागत नाही; औषध घातल्यावर ते काढून टाकायला ठीक. आणि शेवटी साचणारं नायट्रेट यातला कुठलाच फिल्टर फारसा काढत नाही. त्यासाठी दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, त्याला पर्याय नाही.

टाकीच्या पाठीला टांगायचे छोटे फिल्टर एवढ्या पाण्याला पुरत नाहीत. फ्लॉवरहॉर्न-अरोवानावाले वापरतात तो वरच्या ट्रेचा फिल्टर दिसायला ओबडधोबड, पण धुवायला सगळ्यात सोपा. मला तो आवडतो, गिऱ्हाइकाला आवडत नाही. कॅनिस्टर घ्यायचाच तर एका अजस्र डब्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत आणि आलटून पालटून धुवावेत. एक धुतला तरी दुसऱ्यातली वस्ती शाबूत राहते.

टाकी नवीन बनवून घेत असाल, तर माझं मत 'संप'ला. कपाटात दुसरी काचेची टाकी, वरून पाणी त्यात उतरतं, कप्प्याकप्प्यांतून जातं, मोटर ते वर ढकलते. सगळं डोळ्यांसमोर असतं. लोकर मळली की हात घालून बदलायची. शिवाय पाणी पडताना त्यात हवा मिसळते, आणि उन्हाळ्यात तिची गरज असते: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. मोटर निवडताना मात्र उंची धरायची. कॅनिस्टरमध्ये उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलतं. संपच्या मोटरला चार-पाच फूट एकटीनेच उचलावं लागतं.

संपने मला एकदा चांगलाच धडा दिला. लाइट गेली की मोटर थांबते, आणि वर जाणाऱ्या पाइपमधून पाणी उलटं खाली येऊ लागतं. 6 बाय 2 फुटांच्या टाकीत 1 इंच पाणी म्हणजे 28 लिटर. एका घरी पाइपचं तोंड मी 8 इंच खोल ठेवलं होतं. उलटा प्रवाह तुटावा म्हणून पृष्ठभागाच्या जरा खाली पाइपला बारीक भोक पाडलं होतं; एवढ्यावर मी निर्धास्त. त्या भोकात एक गोगलगाय जाऊन बसली. रात्री लाइट गेली. सव्वादोनशे लिटर पाणी खाली आलं, संप भरून वाहिला, आणि लाकडी फरशी सकाळपर्यंत फुगली. ती बदलून देण्यात माझ्या दोन महिन्यांच्या कमाईवर पाणी पडलं. तेव्हापासून पाइपचं तोंड मी पृष्ठभागाखाली जेमतेम 1 इंचावर ठेवते आणि भोकाच्या भरवशावर राहत नाही.

कॅनिस्टरवाल्यांना लाइट गेल्याचा त्रास वेगळा. बंद डब्यातला प्राणवायू जिवाणूच संपवतात. पाच-सहा तास लाइट नसेल तर आल्यावर तसाच चालू करू नका. उघडा, आतलं पाणी ओता, रिंगा टाकीच्या पाण्यात खळबळा, मग लावा. आणि फिल्टर कुठलाही असो, कोपऱ्यात साधा स्पंज फिल्टर बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाला जोडून ठेवा. सगळ्यात स्वस्त वस्तू ती, आणि लाइट गेलेली असताना मासे तीच जगवते. (वास्तुवाल्यांनी टाकीला ईशान्य कोपरा दिलेला असतो. तिथे प्लग पॉइंट नसतो, हेही बांधकामाच्या वेळीच बघा.)

टाकी बसवून झाली, की बसवणाऱ्याला चहा द्या, पण पैसे लगेच देऊ नका. त्याच्यादेखत मेन स्विच बंद करा आणि अर्धा तास थांबा. पाणी संपमध्ये जिथपर्यंत चढून थांबेल तिथे मार्करने रेघ मारा. रेघेच्या वर चार बोटं काच कोरडी राहिली असेल, तरच पाकीट काढा.