बुसानमधील दहा सकाळी

माझी भाची टोरांटोत वाढली. ती कॅनडाची नागरिक. दोन वर्षांपूर्वी ती दक्षिण कोरियातील बुसान या बंदराच्या शहरी, एका सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकविण्यास गेली. ‘मावशी, एकदा येऊन माझा संसार पाहून जा,’ असा तिचा आग्रह होता. परंतु घरी ८३ वर्षांची आई. गेल्या ऑक्टोबरात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडले नव्हते. तरी त्या दिवसापासून मी तिला खोलीबाहेर फारसे पडू दिले नव्हते. अखेर धाकटा भाऊ दहा दिवस पुण्यात येऊन राहण्यास तयार झाला आणि एप्रिलच्या आरंभी मी निघाले.

भाचीचा संसार म्हणजे एक खोली. परदेशी शिक्षकांना ती शाळेकडूनच मिळते. दारातच जोडे काढावयाचे, ही रीत आपल्यासारखीच. थंडीच्या दिवसांत तेथे फरशीखालून गरम पाणी खेळविलेले असते. ‘ओन्दोल’ या जुन्या पद्धतीचे हे आजचे रूप. त्यामुळे म्हातारी माणसेही जमिनीवर सुखाने बसतात, जमिनीवर अंथरूण घालतात. दिवसातून अनेकदा उठबस घडते आणि मांड्यांचे स्नायू कामात राहतात. आपल्याकडे पाट गेला, खुर्ची आली, तेव्हा ही उठबसही गेली, असे मनात आले.

कोरियात १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवितात. भाचीचे तास चाळीस मिनिटांचे. वर्गात सोबत एक कोरियन शिक्षिका असते. मुले गीत म्हणतात, चेंडू झेलत प्रश्न विचारतात. दुपारी मुले व शिक्षक एकच जेवण जेवतात: धातूच्या खणांच्या ताटात भात, कढण, भाजी, मासा किंवा मांस आणि किमची. जेवण होताच शिक्षकमंडळी दात घासावयास जातात. ही सवय मला फार आवडली. किमचीविषयी मात्र वैद्यकीय कुरबूर केलीच. आंबविलेली भाजी उत्तम. पण तिच्यातील व कढणातील मीठ रक्तदाबाच्या रुग्णास परवडणारे नव्हे. आपल्या लोणच्या-पापडांनाही हाच न्याय लागू आहे.

भाचीचे आयुष्य सुखाचेच आहे, असे मात्र म्हणवत नाही. पहिल्या हिवाळ्यात दिवसभर बोलून तिचा आवाज बसला आणि संध्याकाळी मातृभाषेत चार शब्द बोलावयास कोणी नव्हते. त्या सहशिक्षिकेनेच तिला जवळच्या घशाच्या डॉक्टरांकडे नेले. गावोगावच्या शिक्षकांस मी जे सांगते तेच तिलाही सांगितले: घोटघोट कोमट पाणी प्यावे, कुजबुजू नये, कारण कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो, आणि तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर घसा तपासून घ्यावा. तेथे शिक्षकास ‘सॉनसेंगनिम’ म्हणतात आणि डॉक्टरलाही त्याच शब्दाने हाक मारतात. आम्हा दोघींना एकच संबोधन लाभले, याची गंमत वाटली.

भाची शाळेच्या तयारीत असे, तेव्हा मी सकाळी ओनछनछन या ओढ्याच्या काठी फिरावयास जाई. काठाने चेरीची झाडे आहेत; पाकळ्या वाटेवर गळत होत्या. जागोजागी लोखंडी व्यायामसाधने उभी होती: कंबर फिरविण्याची तबकडी, पाय झुलविण्याचे पाळणे, खांदे फिरविण्याची चाके. त्यांवर पहाटेपासून सत्तरी-ऐंशीच्या आजीबाई. डोईवर मोठ्या झाकणीची टोपी, हातात मोजे आणि तोंडाने अखंड गप्पा.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, भाचीही सोबत होती. एका आजीबाईंनी आपली काठी कठड्यास टेकवून ठेवली होती आणि दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून त्या पाय झुलवीत होत्या. त्यांनी आम्हांला पहिला प्रश्न केला तो ‘जेवलात का?’ हा. तेथे कुशल विचारण्याची हीच रीत. मी काठीकडे पाहून भाचीकरवी विचारले, ‘पडण्याचे भय वाटत नाही?’ त्या हसल्या. ‘मागच्या वर्षी पडले होते. म्हणून तर येते.’

त्या रात्री मला झोप आली नाही. रुग्णांना मी कितीदा सांगितले असेल की अंथरुणाला खिळल्याने स्नायू झपाट्याने झिजतात आणि पुढचे पडणे जवळ येते. आईच्या बाबतीत मात्र मुलीच्या भीतीने डॉक्टरचे तोंड बंद केले होते. तिची काळजी घेते असे मी समजत होते. खरे तर मी माझी काळजी शांत करीत होते.

कोरिया म्हणजे वृद्धांचा स्वर्ग नव्हे. २०२४ च्या अखेरीस तेथे पासष्टीच्या वरचे लोक लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक झाले. त्यांपैकी अनेक गरीब आहेत. पुठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी चढावर ओढणारे आजोबाही मी पाहिले. तोङने भागातील उन्हाळ्यांच्या पाण्याच्या खुल्या कुंडात पाय सोडून बसलेले वृद्धही पाहिले. त्यांचे सुख पाहून आपणही बादलीत पाय सोडावे असे वाटेल. पण मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल, तर पाणी आधी घरच्या दुसऱ्या कोणीतरी कोपराने तपासावे. अशा पायांना पोळल्याचे कळत नाही.

परत आल्यावर आईची पुन्हा तपासणी करविली. उभे राहताना रक्तदाब उतरतो का, दृष्टी कशी आहे, कोणत्या गोळीने झापड येते, हे पाहिले. न्हाणीघरात भक्कम दांडी बसविली, पायपुसणे काढून टाकले. मग सुरुवात केली: हात असलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, शेजारी कोणीतरी उभे. घरी हे करू पाहणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चक्कर आली वा छातीत दुखले तर तत्काळ थांबावे.

पहिल्या दिवशी आई तीनदाच उठली. ‘इतके महिने का बसवून ठेवलंस गं मला?’ तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. आता आम्ही रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जातो. ती माझा हात धरते. परतताना कधीकधी सोडते. तेव्हा माझ्या छातीत अजूनही धस्स होते. पण मी तो पुन्हा धरीत नाही. जवळून चालत राहते.