रास्ता रोको आणि त्यानंतरच्या तारखा

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आमचा निम्मा लाल कांदा शेतात होता आणि निम्मा काढून पडलेला. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. दुसऱ्या दिवशी बाजार समितीत बोली इतकी खाली आली की शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी माणसं महामार्गावर उतरली. आमच्या तालुक्यातही रास्ता रोको ठरला आणि आमच्या बचत गटातल्या बायकांबरोबर मीही त्यात बसले. आमच्यावर गुन्हा दाखल झाला. तो खटला अजून चालू आहे.

आंदोलनाबद्दल लिहिताना लोक गर्दी, घोषणा, लाठीमार यांबद्दल लिहितात. मला कागदांबद्दल लिहायचं आहे. लाठीचा वळ चार दिवसांत जातो, कागद मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही, आणि त्या कागदावर काय लिहिलं जाणार हे पहिल्या काही तासांत ठरतं. हे मला आमच्या वकीलताईंनी शिकवलं. तालुका कोर्टात प्रॅक्टिस करणारी ही बाई नसती, तर आमच्यातल्या निम्म्या जणींनी त्या संध्याकाळी नको त्या कागदावर अंगठे दिले असते.

सुरुवात आदल्या रात्रीच झाली. जेवणं चालू असताना पोलीस पाटलांबरोबर दोन हवालदार १४९ ची नोटीस घेऊन आले. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांना मध्ये पडण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या या कलमानं दिला होता. गावात ही नोटीस आली की पुष्कळ माणसं दुसऱ्या दिवशी घरीच बसतात, कारण आंदोलनावर बंदी आली असंच सगळ्यांना वाटतं. ती बंदी नसते, ताकीद असते. पण ती साधीसुधीही नसते. यांना आधीच समज दिली होती, हे पुढे कोर्टात दाखवायला तीच कामी येते. मी वकीलताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वहिनी, नोटीस घ्या, परत पाठवू नका. सहीच्या वर लिहा, नोटीस मिळाली, मजकूर मान्य नाही. तारीख आणि वेळ टाका. प्रत मागून घ्या." मी तसंच केलं. हवालदारानं वाचलं, काही बोलला नाही, प्रत दिली.

परवानगीचा अर्ज आम्ही आधीच दिला होता. बाजार समितीबाहेरच्या मोकळ्या जागेत धरणं धरू, असा तो अर्ज होता. वेळ, अंदाजे माणसं, भोंगा लावणार की नाही, सगळं लिहिलं होतं आणि पोच घेतली होती. होकार आला नाही आणि लेखी नकारही नाही. तोंडी एवढंच सांगितलं गेलं की जिल्ह्यात ३७ लागू आहे.

हे ३७ म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७. त्याच्या पोटकलम ३ खाली मिरवणुका आणि जमाव यांवर मनाई करता येते. पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून कितीतरी जिल्ह्यांत दर पंधरवड्याला नवा आदेश निघतो, आणि मनाई बारा महिने असल्यासारखी वाटते. वकीलताई याबद्दल फार तळमळीनं बोलतात. १९७२ मध्ये हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं याच कायद्याखालचा अहमदाबादचा एक नियम रद्द केला होता. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन सरकार करू शकतं, पण परवानगी द्यायची की नाही हे सरसकट अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध धरणं धरायचं होतं, तेव्हा ३७ चा आदेश पुढे करून परवानगी नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो आदेशही रद्द केला आणि नकारही. एखाद्या कायद्याला शांततेनं विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येत नाही, असं त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे. माजलगाव आमच्यापासून काही फार लांब नाही. तरी आमच्याकडे हा निकाल कुणाच्या कानावर नव्हता.

धरण्याला जागा मिळाली नाही म्हणून माणसं रस्त्यावर गेली, हे मी मुद्दाम नोंदवते. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानं शांततेनं, शस्त्रांशिवाय जमण्याचा हक्क दिला आहे. वाहतूक अडवण्याचा दिलेला नाही. शाहीन बागेच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक रस्ता असा बेमुदत अडवता येणार नाही. आम्ही डांबरावर बसलो ते गुन्हा दाखल होईल हे जाणूनच. कायदेभंग करायचा तर त्याची किंमत माहीत असायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

किंमत कशानं वाढते हेही ठाऊक हवं. दोन पोरं कुठूनतरी टायर घेऊन आली होती. ते पेटवू दिलं नाही. महामार्ग वाहतुकीला धोक्याचा होईल असं नुकसान केलं, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या ८-ब कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एका टायरच्या धुरासाठी कुणाचं पोर तिथवर जायला नको. रुग्णवाहिका आली की आम्ही उठून वाट देत होतो. त्या दुपारी सगळ्यात मोठा धोका आला तो मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना. ट्रॉलीतून ओतलेल्या कांद्यावरून एक शिपाई घसरला आणि जोरात पडला. लगेच ओरडा झाला की ढकललं. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला म्हणजे कलम ३५३, अजामीनपात्र. बाकीची सगळी कलमं जामीनपात्र होती. हे एक लागलं असतं, तर घरी जाण्याऐवजी तुरुंगाचा रस्ता होता. आमच्या गटातल्या एकीची कॉलेजात जाणारी मुलगी कडेला उभी राहून सलग चित्रीकरण करत होती. त्यात दिसत होतं की शिपायाच्या आसपास हातभर अंतरात कुणी नव्हतं. त्याला उठवायला धावल्या त्या आमच्याच बायका. ३५३ लागलं नाही.

पोलिसांचं चित्रीकरण करता येत नाही अशी एक भीती घालतात. उघड्या रस्त्यावर, त्यांच्या कामात न येता चित्रीकरण करण्याला बंदी करणारा कायदा मला कुणी अजून दाखवलेला नाही. वर्ध्याच्या एका प्रकरणात तर पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणावरून शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो रद्द केला, कारण त्या कायद्यातल्या निषिद्ध जागांत पोलीस ठाणं येत नाही.

चारच्या सुमारास आम्हाला गाडीत घालून ठाण्यात नेलं. वकीलताई आमच्या मागोमाग आल्या आणि ठाणे अंमलदाराला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताब्यात घेतलंय की अटक केलीये?" उत्तर चटकन आलं नाही. मग सांगितलं, ६८ खाली ताब्यात. पोलीस अधिनियमाच्या ६८ व्या कलमाप्रमाणे पोलिसांची वाजवी सूचना पाळावी लागते. न पाळणाऱ्याला ६९ खाली हटवता येतं आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग निभावला की सोडून देता येतं. अटक झाली तर सगळं बदलतं. कारण सांगावं लागतं, अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, नातेवाइकाला कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. म्हणून तो प्रश्न पहिला. त्याचं उत्तर स्टेशन डायरीत वेळेसकट लिहून घ्यायला ताईंनी लावलं.

अटकेचं कारण कळण्याच्या हक्काशी एका मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे. पुण्यात जन्मलेले, बिहारमधून लोकसभेवर गेलेले समाजवादी नेते मधू लिमये. नोव्हेंबर १९६८ मध्ये मुंगेरजवळच्या लखीसराय स्टेशनवर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. त्यांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. अटकेची कारणं सांगितली नव्हती, म्हणजे अनुच्छेद २२ मोडला, असं म्हणून न्यायालयानं त्यांना सोडलं. आता तर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची. आमच्यासारख्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

साडेपाच होत आले तशी ठाण्यात घाई सुरू झाली. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर तसंच असाधारण कारण लागतं, आणि तेव्हाही महिला अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयानं बायकांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांचा पहारा सांगितला होता. या सगळ्याचा त्या संध्याकाळी आम्हाला प्रत्यक्ष उपयोग झाला. आम्हाला दिवस मावळायच्या आत सोडायचं ठरलं.

सोडण्याआधी एक छापील जबाब पुढे आला. बेकायदेशीर जमाव जमवून रस्ता अडवल्याचं त्यात आमच्याच तोंडी घातलं होतं. आमच्यातल्या एका आजींनी अंगठ्याला शाई लावूनही घेतली होती. ताईंनी कागद उचलून मोठ्यानं वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नसते. १६२ वाचा." पोलिसांपुढचा कबुलीजबाब तसाही पुरावा म्हणून चालत नाही. पण अंगठा दिलेल्या बाईला ते कसं कळणार? ती घाबरून पुढे कोर्टातही हो म्हणून बसते. फौजदारांनी कागद मागे घेतला. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे होते, त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. वरून आलेलं काम उरकायची त्यांनाही घाई होती. पण आमचा हक्क त्यांच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये.

रात्री गुन्हा दाखल झाला. भादंवि १४३, ३४१, १८८ आणि पोलीस अधिनियमाचं १३५. पुढच्या आठवड्यात ४१-अ च्या नोटिसा आल्या. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, हजर राहायची नोटीस द्यायची, हा त्या कलमाचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि आकडे बदलले. १४९ ची नोटीस आता १६८ ची झाली, जमावबंदीचं १४४ आता १६३, ३५३ आता १३२, ४१-अ आता ३५(३). आमचा खटला मात्र जुन्याच आकड्यांनी चालतो. ताईंनी नव्या-जुन्या कलमांचा तक्ता करून बचत गटाच्या खोलीत लावलाय.

खटल्यात १८८ टिकणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे, कारण ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्टाला त्याची दखल घेता येत नाही, आणि तशी तक्रार नाही. बाकीचं चालू आहे. चालू आहे म्हणजे आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो, नाव पुकारलं की उभ्या राहतो, पुढची तारीख घेतो. मजुरीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो, वर गाडीभाडं. एकजण लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि हजेरीमाफीचा अर्ज द्यायचा राहिला, तर तिच्या नावानं वॉरंट निघालं. ते रद्द करायला पुन्हा एक दिवस गेला. वकिलाच्या फीची चिंता मात्र कुणा बाईनं करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, आणि तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते.

माझे सासरे १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात तुरुंगात जाऊन आले. तेव्हा शेतकरी संघटनेचे हजारो लोक गेले होते. सासूबाई १९८६ मध्ये चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेल्या, आणि अजून ते सांगताना त्यांचा आवाज चढतो. त्यांच्या पिढीला तुरुंग हा मान होता. माझ्या भाच्याच्या पिढीला चारित्र्य पडताळणी आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतो. त्या दिवशी फलक धरून आमच्या मागे बसला होता, आणि गुन्ह्यात त्याचं नाव आलं. गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला की फॉर्मवर लिहूच नको, कुणाला कळतंय. ताईंनी ठामपणे नाही म्हटलं. अवतार सिंग यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की माहिती खरीच द्यायची. तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, असंही त्यात आहे. भाच्यानं गुन्हा क्रमांकासह सगळं लिहिलं. "मामी, मी चोरी थोडीच केलीये," म्हणाला. पासपोर्टचंही असंच. खटला चालू असला तर कोर्टाची परवानगी आणावी लागते.

आता आंदोलन ठरलं की बैठकीत आधी विचारलं जातं, कुणाची भरती आहे, कुणाचा परदेशाचा अर्ज आहे. त्या पोरांना रस्त्यावर बसू देत नाही. हा नियम मीच मांडला आणि मला तो मनापासून आवडत नाही. ज्यांचं सगळं आयुष्य पुढे आहे त्यांनीच कडेला उभं राहायचं, आणि घटनेनं दिलेला हक्क फक्त गमावण्यासारखं काही नसलेल्यांनी वापरायचा, हे बरोबर नाही. जीवितहानी आणि मोठं नुकसान न झालेल्या राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारनं वेळोवेळी काढले आहेत. पण कुठला खटला मागे जाणार आणि कधी, हे कुणाच्या तरी ओळखीवर अवलंबून राहू नये. ठरावीक मुदतीत, आपोआप, प्रत्येक शांततामय आंदोलनाच्या खटल्याचा विचार झाला पाहिजे. आमचा अर्ज सरकारनं नेमलेल्या समितीकडे गेला आहे आणि मी दर महिन्याला त्याची चौकशी करते. पुढची तारीख नेमकी कांदा लागवडीत येतेय. रोपं उपटायला येणाऱ्या बायकांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी मी दुपारनंतर येईन.