प्राँगहॉर्न : शिकार आणि नर-मादीची पारख

प्राँगहॉर्न हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या उघड्या माळांवरचा प्राणी. दिसायला हरणासारखा असला, तरी काळवीट-चिंकाऱ्यांशी त्याचे जवळचे नाते नाही. अँटिलोकॅप्रिडी कुळात आज तो एकटाच उरला आहे, आणि जिवंत प्राण्यांत त्याला सर्वांत जवळचे जिराफ आणि ओकापी. वायोमिंगमध्ये त्याचे कळप सर्वाधिक. मोंटाना, कोलोरॅडो, नेवाडा, न्यू मेक्सिको आणि कॅनडातल्या अल्बर्टातही तो आढळतो.

त्याची शिंगे जगावेगळी आहेत. आत हाडाचा कायमचा गाभा, वर केराटिनची काळी खोळ. माजाचा हंगाम सरला की नराची खोळ गळून पडते, पण तोवर तिच्याखाली नवी वाढू लागलेली असते. दरवर्षी खोळ टाकणारी आणि तीही दुफाटा फुटलेली शिंगे इतर कोणत्याही प्राण्याला नाहीत.

नर-मादी ओळखताना मात्र याच शिंगांनी फसगत होते. काळविटाची मादी सहसा बिनशिंगी, म्हणून शिंग दिसले की नर, असा हिशेब भारतीय माळावर बहुधा जमून जातो. प्राँगहॉर्नच्या बऱ्याच माद्यांना शिंगे असतात. बारीक, बहुधा फाटा नसलेली आणि कानापेक्षा आखूड. चिंकाऱ्याच्या मादीचा दाखला इथे जास्त जवळचा. प्रौढ नराची शिंगे कानांच्या बरीच वर जातात, पुढच्या बाजूला फाटा काढतात आणि टोकाशी मागे वळतात. कान साधारण पंधरा सेंटीमीटरचा, त्यामुळे शिकारी त्यालाच मोजपट्टी मानतात. पण वर्षभराच्या कोवळ्या नराची शिंगे कानाइतकी किंवा त्याहूनही आखूड असू शकतात, आणि दुपारच्या झळांत मादीचे टवकारलेले कानच लांबून शिंगांसारखे दिसतात.

भरवशाची खूण गालावर असते. नराच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी ठळक काळा पट्टा असतो. मादीला तो नसतो. तिथे गंधग्रंथी असून नर तो गंध झुडपांना फासून आपली हद्द राखतो. नराच्या नाकापासून वर कपाळाकडेही रुंद काळा रंग चढलेला असतो, मादीचा चेहरा त्या मानाने फिका. कोवळ्या नराचा पट्टा पुसट असतो आणि कानाची सावलीही कधी पट्ट्याचा भास करून देते. म्हणून जनावराने मान वळवेपर्यंत दुर्बीण खाली न ठेवणे हाच शहाणपणा. नुसत्या अंगलटीवर विसंबू नये: नर थोराड असला, तरी एकट्या उभ्या जनावराचा आकार मोकळ्या माळावर नीट उमगत नाही.

ही पारख कायद्यासाठीही लागते. परवाने सोडतीने मिळतात आणि कोणते जनावर मारायचे ते त्यांवर ठरलेले असते. वायोमिंगमध्ये कोणत्याही प्राँगहॉर्नचा परवाना वेगळा आणि फक्त मादी वा पाडसाचा वेगळा. कळपाची वाढ आवरायला हा दुसरा उपयोगी पडतो. नेवाडाने लिंगाऐवजी मापच धरले आहे: कानापेक्षा लांब शिंगे की आखूड. तिथे आखूड शिंगांचा कोवळा नर मादीच्याच गटात मोडतो. नियम रुक्ष, पण बंदूक हातात असताना निर्णय सोपा करणारा.

प्रत्यक्ष शिकारीत अडचण असते ती नजरेची. मोठे, डोक्याच्या कडेला बसवलेले डोळे दूरची हालचाल टिपतात; एकाने पुठ्ठ्यावरचे पांढरे केस फुलवले की सगळा कळप सावध होतो, आणि मग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्याचा पाठलाग व्यर्थ. म्हणून दुरूनच हेरायचे, घळीआडून किंवा सेजब्रशच्या झुडपांमधून सरपटत जायचे. धनुर्धारी ऑगस्टच्या उन्हात पाणवठ्याजवळ लपण करून बसतात. सप्टेंबरच्या माजात नराचा पुतळा उभा केला, की माद्या राखणारा नर चालून येतो. फडफडणारे पांढरे कापड पाहून कुतूहलाने जवळ येण्याची त्याची खोड फार जुन्या काळापासून माहीत आहे. ग्रेट बेसिनमधले शोशोनी आणि पायूट लोक सेजब्रशचे लांब कुंपण घालून अख्खा कळपच आत हाकत. प्राँगहॉर्न इतका वेगवान, पण कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरकू पाहतो.

लुईस-क्लार्क मोहिमेतल्या विल्यम क्लार्कने १४ सप्टेंबर १८०४ रोजी मारलेला प्राँगहॉर्न नर होता, पण नोंदवहीत तो त्याला बोकड म्हणतो. शास्त्रीय नाव जॉर्ज ऑर्डने १८१५ मध्ये दिले. पुढच्या शतकभरात बेबंद शिकारीने आणि कुंपणांनी कोट्यवधींचे कळप काही हजारांवर आले. आजची लाखोंची संख्या शिकारबंदी, परवाने आणि राखीव क्षेत्रे यांमुळे उभी राहिली.

हंगाम बहुधा उन्हाचा असल्याने मारलेले जनावर लगेच सोलून थंड करावे लागते, नाहीतर मांस बिघडते. मात्र सोलताना घाई करून भागत नाही: अनेक राज्यांत लिंग ओळखता येईल असा अवयव धडाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवावा लागतो, आणि तपासणी नाक्यावर परवान्याशी तो ताडून पाहिला जातो.